बॅचची केटल, टाक्यांची माळ की लांब नळी? रिॲक्टर घेण्याआधी करायचा मोलचा हिशेब

रोज ठरावीक माल काढायचा आहे, शेडमध्ये दोन-तीन जुन्या केटल, म्हणजे ढवळणी असलेली रिॲक्शनची भांडी, उभ्या आहेत, आणि कोणीतरी नुकतंच सांगून गेलंय की बॅचचे दिवस संपले, आता सगळं कंटिन्युअस करा. तारापूर, लोटे परशुराम, महाड, कुरकुंभ, रसायनांच्या कुठल्याही एमआयडीसीत हा प्रश्न कधी ना कधी टेबलावर येतोच. मग कोटेशनं मागवली जातात, फॅब्रिकेटरशी बोलणं होतं, आणि भांड्याचा आकार, धातू, जॅकेट (भांड्याभोवतीचं थंड-गरम करणारं आवरण) यावर चर्चा सुरू होते. माझं म्हणणं एवढंच की ही चर्चा दोन पायऱ्या उशिराची आहे. आधी कुठला कच्चा माल किती जास्त घालायचा ते ठरवा. मग वेग मोजा. भांडं त्यानंतर. हा क्रम उलटा झाला की काय होतं, ते खाली आकड्यांनी दाखवतो.

पर्याय मुळात तीनच. पहिला बॅच: सगळं भरा, ढवळा, ठरावीक वेळ मेंटेन करा, सॅम्पल पास झाला की रिकामं करा. दुसरा सीएसटीआर, म्हणजे सतत चालणारी ढवळटाकी. एका बाजूने कच्चा माल येत राहतो, दुसऱ्या बाजूने तेवढाच माल बाहेर पडत राहतो. अशा दोन-तीन टाक्या एकामागे एक जोडल्या की टाक्यांची माळ होते. तिसरा पीएफआर, म्हणजे नळी. तोंडाशी घातलेला थेंब पुढच्या-मागच्या थेंबात न मिसळता शेवटापर्यंत जातो, निदान आदर्श नळीत तरी. बॅच आणि नळी यांचं गणित एकच असतं. बॅचमध्ये जे वेळेनुसार घडतं तेच नळीत लांबीनुसार घडतं.

तुलनेसाठी केमिकल इंजिनिअरिंगच्या बहुतेक प्रयोगशाळांत होणारी रिॲक्शन घेऊ: एथिल ॲसिटेट आणि कॉस्टिक सोडा. या दोघांपासून सोडियम ॲसिटेट आणि इथेनॉल मिळतं. प्रमाण एकास एक मोल (मोल म्हणजे रेणूंची ठरावीक संख्या). वजनात बोलायचं तर ८८ किलो एथिल ॲसिटेटला (यापुढे नुसतं एस्टर) ४० किलो कॉस्टिक लागतं आणि ८२ किलो सोडियम ॲसिटेट व ४६ किलो इथेनॉल तयार होतं. दोन्ही बाजूंची बेरीज १२८ येते. हा ताळा साधा आहे, पण कॉस्टिकच्या फ्लेक्सची शुद्धता किंवा लायची (कॉस्टिकच्या द्रावणाची) टक्केवारी न धरता ४० किलो तोलणारे लोक मी पाहिले आहेत. ४८ टक्क्यांची लाय वापरत असाल तर ४० किलो शुद्ध कॉस्टिकसाठी ८३ किलोंहून थोडी जास्त लाय तोलावी लागते.

ही रिॲक्शन दुसऱ्या कोटीची आहे. वेग दोन्ही घटकांच्या संहतीच्या (लिटरमागे किती मोल) गुणाकाराच्या प्रमाणात असतो. २५ अंश सेल्सिअसला वेगस्थिरांक साधारण ०.११ लिटर प्रति मोल प्रति सेकंद. ही रिॲक्शन निवडली कारण ती सरळ आहे, उष्णता कमी सोडते, आणि कोटी किंवा उत्प्रेरक यांचा गुंता नाही. म्हणजे भांड्याचा परिणाम निर्भेळ दिसतो.

समजा मिसळल्यानंतर मिश्रणात कॉस्टिक लिटरला ०.०५ मोल आहे आणि ताशी १,००० लिटर मिश्रण हाताळायचं आहे. बॅचसाठी चार्जिंग, रिकामं करणं आणि धुणं मिळून दीड तास धरला आहे. केटलमध्ये वर सोडावी लागणारी मोकळी जागा धरलेली नाही. रूपांतर कॉस्टिकचं मोजलं आहे, म्हणजे किती टक्के कॉस्टिक खर्च झालं ते. समप्रमाण म्हणजे एस्टर आणि कॉस्टिकचे मोल सारखेच. कोणत्या भांड्याला किती लिटर लागतात ते पाहा.

| भांडं | समप्रमाण, ९०% | समप्रमाण, ९९% | एस्टर २०% जास्त, ९०% | एस्टर २०% जास्त, ९९% |
|---|---|---|---|---|
| नळी | ४५५ | ५,००० | २३१ | ७२३ |
| तीन टाक्यांची माळ (एकूण) | ९४८ | १८,९०० | ४२३ | २,०८० |
| एकच टाकी | ४,५४५ | ५,००,००० | १,५१५ | २३,८०० |
| बॅच केटल | १,९५५ | ६,५०० | १,७३० | २,२२० |

हा तक्ता आधी आडवा वाचा. समप्रमाणात ९० वरून ९९ टक्क्यांवर जायचं तर नळी अकरा पट वाढते आणि एकटी टाकी शंभर पटींहून जास्त. पाच लाख लिटरची ढवळटाकी कोणी बांधणार नाही. कारण साधं आहे. समप्रमाणात शेवटी दोन्ही घटक एकाच वेळी संपत येतात. कॉस्टिकचा शंभरावा भाग उरतो तेव्हा एस्टरचाही शंभरावाच उरलेला असतो, आणि गुणाकार मूळच्या दहा हजाराव्या भागावर येतो. रिॲक्शन थांबलेली नसते, पण एकमेकांना शोधणारे रेणूच फार थोडे उरतात.

आता तिसरा-चौथा रकाना बघा. एस्टर फक्त २० टक्के जास्त घातलं, बाकी काही बदललं नाही, आणि ९९ टक्क्यांसाठी नळी ५,००० वरून ७२३ लिटरवर आली. वेळेत सांगायचं तर ५ तासांचं काम ४३ मिनिटांत. कॉस्टिक संपत आलं तरी समोर एस्टर उरलेलं असतं, म्हणून शेपूट आखूड होते. भांड्याचा प्रकार न बदलता, एक रुपयाचं फॅब्रिकेशन न करता मिळालेला हा फरक आहे. स्टॉइकिओमेट्री म्हणजे परीक्षेतला समतोल समीकरणाचा धडा असं वाटणाऱ्यांनी हे दोन रकाने समोर ठेवून बसावं.

अर्थात जास्तीचा माल फुकट नाही. उरलेलं एस्टर प्रॉडक्टमधून काढावं लागतं, परत वापरायचं तर ऊर्ध्वपातनाची वाफ लागते, आणि एफ्लुअंटमध्ये गेलं तर सीओडी, म्हणजे सांडपाण्याच्या प्रदूषणाचा आकडा, वाढतो. म्हणून जास्त काय घालायचं याचा निर्णय तीन गोष्टींवर: दोघांत स्वस्त कोण, वेगळं काढायला सोपं कोण, आणि जास्त राहिलं तर प्रॉडक्ट खराब करणारं कोण. कॉस्टिक जास्त ठेवून शेवटी आम्लाने उदासीन केलं तर एस्टर वाचतं, पण मीठ वाढतं. महागडा इंटरमीजिएट कधीच जास्त घालू नका. तो मर्यादित घटक असला पाहिजे, म्हणजे तोच पूर्ण संपेल.

तक्त्याच्या शेवटच्या ओळीत दुसरी गोष्ट दिसते, आणि ती बॅचच्या बाजूची आहे. बॅचच्या ओळीत चारपैकी तीन आकडे जवळपास सारखेच आहेत: १,७३०, १,९५५ आणि २,२२०. कारण रिॲक्शन लवकर संपली तरी भरणं-रिकामं करणं-धुणं यात दीड तास जातोच. ज्या रिॲक्शनला पंधरा-वीस मिनिटं लागतात तिथे केटलचा बहुतेक वेळ रिॲक्शनमध्ये जातच नाही. अशा ठिकाणी मोठी केटल घेण्यापेक्षा चार्जिंगची लाइन मोठी करणं किंवा धुण्याची पद्धत सुधारणं जास्त परवडतं. उलट रिॲक्शन आठ-दहा तासांची असेल तर त्या दीड तासाला काही अर्थ उरत नाही आणि बॅच दिमाखात चालते.

आता एकट्या टाकीविषयी. ढवळटाकीत पडलेला ताजा थेंब त्याच क्षणी टाकीइतका पातळ होतो. त्यामुळे संपूर्ण टाकी बाहेर पडणाऱ्या मालाच्या संहतीवर, म्हणजे सगळ्यात मंद वेगावर चालते. शिवाय प्रत्येक थेंब सारखा वेळ राहत नाही. सरासरी थांबा एक तास असेल तर साडेनऊ टक्के माल सहा मिनिटांच्या आतच बाहेर पडलेला असतो, आणि पाच टक्के माल तीन तासांनंतरही आतच असतो. थांब्याच्या या वाटपाचं गणित ब्रिटिश केमिकल इंजिनिअर पीटर डॅन्कवर्ट्स यांनी १९५३ मध्ये मांडलं आणि त्यामुळे रिॲक्टर डिझाइनला एक नवा पाया मिळाला.

हे न कळल्याने होणारी चूक मी नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत जवळून पाहिली. एका कारखान्यात तीन तासांत ९९ टक्के होणारी बॅच होती. मागणी वाढली तशी त्याच केटलला ओव्हरफ्लो जोडून ती कंटिन्युअस केली आणि थांबा तीन तासच ठेवला, कारण बॅचला तीन तासच लागत होते. पहिल्या पाळीपासून सॅम्पल फेल. सगळे उत्प्रेरकाला दोष देत राहिले, नवीन लॉट मागवला गेला. खरं तर साधा हिशेब होता: पहिल्या कोटीच्या (वेग एकाच घटकाच्या संहतीवर ठरणाऱ्या) रिॲक्शनला बॅचमध्ये ९९ टक्के देणारी वेळ एका ढवळटाकीत फक्त ८२ टक्के देते. त्या केटलमध्ये तेवढंच होत होतं, उत्प्रेरकाचा काही संबंध नव्हता. दोन आठवडे आणि बराच माल गेल्यावर एक जुनी केटल मागे जोडली, तेव्हा गाडी रुळावर आली.

त्या दुसऱ्या केटलचं महत्त्व तक्त्यातही दिसतं. समप्रमाणात ९० टक्क्यांसाठी एक टाकी ४,५४५ लिटरची, तर तीन टाक्या मिळून ९४८ लिटर. दोन टाक्या जोडल्या तरी एकूण १,३८० लिटरच्या आसपास काम भागतं. म्हणजे सगळ्यात मोठी उडी एकावरून दोनवर जाताना मिळते. दोनवरून तीनवर जाताना फायदा कमी, आणि चौथी-पाचवी टाकी बसवायची तर पंप, ढवळणी, सील, गळती हा सगळा संसार वाढतो. माझ्या मते लहान युनिटसाठी दोन किंवा तीन टाक्यांची माळ हा सगळ्यात कमी चर्चिलेला आणि सगळ्यात जास्त उपयोगी पर्याय आहे. जुन्या केटल तशाच वापरता येतात, घन पदार्थ आला तर ढवळणी त्याला सांभाळते, आणि पहिल्या टाकीत थंड व दुसरीत गरम असं वेगवेगळं तापमानही ठेवता येतं.

कंटिन्युअसच्या दोन्ही पर्यायांना एक अट मात्र आहे, आणि तिच्याकडे दुर्लक्ष होतं. बॅचमध्ये प्रमाण एकदाच तोलावं लागतं. चूक झाली तरी सॅम्पल घेऊन थोडं एस्टर वरून घालता येतं. नळीत किंवा माळेत प्रमाण दर मिनिटाला तोललं जातं, आणि ते काम डोसिंग पंप करतात. समप्रमाणावर चालवत असाल आणि एस्टरचा पंप दोन टक्के कमी देत असेल, तर कॉस्टिकचं रूपांतर ९८ टक्क्यांच्या वर जाणं शक्यच नाही. नळी दुप्पट लांब करा, चौपट करा, आकडा हलणार नाही. अशा वेळी लोक तापमान वाढवत राहतात, थांबा वाढवत राहतात. आधी फ्लोमीटर कॅलिब्रेट करा. जास्तीचा २० टक्के एस्टर हा वेगासाठी जेवढा आहे तेवढाच पंपाच्या चुकीसाठी राखीव साठाही आहे.

रूपांतरावरची दुसरी मर्यादा समतोलाची, म्हणजे उलटी रिॲक्शनही तेवढ्याच वेगाने होऊ लागते तेव्हाची. ॲसिटिक आम्ल आणि इथेनॉलपासून एथिल ॲसिटेट बनवायचं, म्हणजे वरची गोष्ट उलटी, तर समप्रमाणात सुमारे ६७ टक्क्यांवर रिॲक्शन थांबते, कारण समतोल स्थिरांक चारच्या आसपास आहे. इथेनॉल दुप्पट घेतलं तर सुमारे ८४ टक्के. त्यापुढे जायचं असेल तर पाणी काढून घ्यावं लागतं. अशा रिॲक्शनसाठी नळी की टाकी हा वाद जवळपास निरर्थक आहे. वर कॉलम असलेली केटल, जी पाणी उडवत राहते, तीच योग्य. रिॲक्टरच्या कोटेशनआधी प्रयोगशाळेत एक बाटली रात्रभर ठेवून सकाळी रूपांतर मोजा. त्यानंतर आणखी वेळ देऊनही आकडा हलत नसेल, तर तुमचा प्रश्न वेगाचा नाही.

इथपर्यंत फक्त एकच प्रॉडक्ट होतं. खऱ्या कारखान्यात भांड्याची निवड बहुतेक वेळा आकारमानावर ठरत नाही, ती ठरते नको असलेल्या प्रॉडक्टवर. बेंझिनचं क्लोरिनेशन घ्या. मोनोक्लोरोबेंझिन हवं असतं, पण तेच पुढे क्लोरीन घेऊन डायक्लोरोबेंझिन होतं. अशा साखळी रिॲक्शनमध्ये मधलं प्रॉडक्ट हवं असेल तर माल मागे-पुढे मिसळता कामा नये. पहिली पायरी दुसरीपेक्षा दहा पट वेगवान असेल तर बॅच किंवा नळीत मधल्या प्रॉडक्टचं जास्तीत जास्त उत्पन्न ७७ टक्के, आणि एकाच ढवळटाकीत ५८ टक्के. दोन्ही पायऱ्या सारख्या वेगाच्या असतील तर ३७ विरुद्ध २५. आकारमानातला फरक स्टेनलेस स्टीलचे पैसे देऊन भरून काढता येतो, हा फरक भरून काढता येत नाही. तो दर टनामागे कच्च्या मालातून जातो. आणि इथेही प्रमाण काम करतं: क्लोरीन कमी ठेवून बेंझिन भरपूर ठेवलं, उरलेलं बेंझिन परत फिरवलं, तर डायक्लोरोचं प्रमाण खाली येतं.

पण ढवळटाकी इथे नेहमीच हरते असं समजू नका. नको असलेली रिॲक्शन वरच्या कोटीची असेल, म्हणजे संहती वाढली की तीच जास्त भडकत असेल, तर पातळ टाकीचा दोषच गुण होतो. ऑटोकॅटॅलिटिक रिॲक्शन, जिथे प्रॉडक्टच रिॲक्शनला चालना देतं, तिथेही टाकी नळीपेक्षा लहान पडू शकते. फर्मेंटर हे त्याचं ओळखीचं उदाहरण: जीव आधीपासून आत हवेत, नाहीतर सुरुवातच होत नाही.

आता उष्णता. हा मुद्दा मी मुद्दाम सावकाश मांडतो आहे, कारण इथे चुकीची किंमत माणसं मोजतात. एक लिटरच्या फ्लास्कमध्ये जमलेली रिॲक्शन हजार लिटरच्या केटलमध्ये नेली की लांबी-रुंदी दहा पट, पृष्ठभाग शंभर पट, पण आकारमान हजार पट होतं. म्हणजे प्रत्येक लिटरच्या वाट्याला येणारी थंड भिंत दहाव्या हिश्शावर आली. पाच हजार लिटरच्या केटलला घनमीटरमागे अडीच-तीन चौरस मीटर जॅकेट मिळतं; २५ मिलिमीटर व्यासाच्या नळीला १६०. बेंझिनच्या नायट्रेशनमध्ये मोलमागे सुमारे ११७ किलोज्यूल उष्णता निघते. मिश्रणात लिटरला ३ मोल बेंझिन असेल, उष्माधारकता लिटरला अडीच किलोज्यूल प्रति अंश असेल, आणि थंडावा बंद पडला, तर तापमान १४० अंशांनी वर जाईल. हा आकडा प्रत्येक उष्मादायी प्रक्रियेसाठी कागदावर काढलेला असावा. तो काढायला फक्त मोल, उष्णता आणि भागाकार लागतो.

तापमान वाढलं की वेगही वाढतो, हा दुसरा पदर. आपल्या एथिल ॲसिटेटच्या उदाहरणात सक्रियण ऊर्जा मोलमागे सुमारे ४८ किलोज्यूल, म्हणजे २५ वरून ३५ अंशांवर गेलं की वेग जवळपास १.९ पट. उष्णतेची निर्मिती घातांकाने वाढते, जॅकेटची उष्णता ओढण्याची क्षमता मात्र सरळ रेषेत. दोघांची गाठ सुटली की केटल हाताबाहेर जाते.

१९ डिसेंबर २००७ रोजी अमेरिकेत फ्लोरिडातल्या जॅक्सनविल इथे टी२ लॅबोरेटरीज या छोट्या कारखान्यात असंच झालं. सुमारे ९,३०० लिटरच्या बॅच रिॲक्टरमध्ये सोडियमची रिॲक्शन चालू होती, थंडावा अपुरा पडला, आणि तापमान वर गेल्यावर सोडियमने द्रावकाशी, डायग्लाइमशी, दुसरीच उष्मादायी रिॲक्शन सुरू केली. स्फोटात ४ जण गेले, ३२ जखमी झाले. ती १७५वी बॅच होती. ४२व्या बॅचपासून त्यांनी बॅचचा आकार एक तृतीयांशाने वाढवला होता. शंभराहून जास्त बॅच सुखरूप गेल्या म्हणून प्रक्रिया सुरक्षित आहे, असं त्या आकड्यावरून कोणीही मानलं असतं. म्हणूनच ती गोष्ट मला इतकी लागते.

यावर उत्तर नेहमी नळीच असतं असंही नाही. बऱ्याच ठिकाणी अर्ध-बॅच पुरते: एक घटक केटलमध्ये, दुसरा ॲडिशन टँकमधून हळूहळू. तेव्हा वेगावर ताबा रिॲक्शनचा नसतो, व्हॉल्व्हचा असतो. पण हे तेव्हाच खरं, जेव्हा पडलेला थेंब लगेच खर्च होतो. केटल जास्त थंड ठेवली तर थेंब साचत जातात. ऑपरेटरला वाटतं काहीच होत नाहीये, तो ॲडिशन चालू ठेवतो, आणि मग जरा तापमान वाढलं की साचलेला सगळा माल एकदम पेटतो. म्हणून "थंड म्हणजे सुरक्षित" हे वाक्य अर्ध-बॅचला लागू नाही. ॲडिशनचं तापमान इतकं हवं की वेग ॲडिशनपेक्षा जास्त राहील.

नळी घेण्याआधी आणखी एक परीक्षा. वेग म्हणून जो मोजताय तो खरंच रिॲक्शनचा आहे का, की मिसळण्याचा? पाणी-तेल किंवा वायू-द्रव अशा दोन थरांत रिॲक्शन चालत असेल तर बऱ्याचदा मंदपणा रेणूंचा नसतो, थर ओलांडण्याचा असतो. डॅन्कवर्ट्स यांच्याकडे केंब्रिजला संशोधन करून आलेल्या मनमोहन शर्मांनी माटुंग्याच्या यूडीसीटीत (मुंबई विद्यापीठाच्या केमिकल टेक्नॉलॉजी विभागात), आजच्या आयसीटीत, या विषयावर आयुष्यभर काम केलं, आणि मुंबई-पुण्याच्या कित्येक पिढ्या त्यातून घडल्या. नायट्रोग्लिसरीनचं उदाहरण इथे बोलकं आहे. जुन्या बॅच केटलमध्ये एका वेळी टनभर माल असायचा आणि बॅचला दोन तास लागायचे, पण दोन तास लागत ते ढवळणं नीट नसल्यामुळे. चांगलं मिसळणारी सतत चालणारी छोटी यंत्रणा आली आणि किलोभर माल दोन मिनिटांत पार पडू लागला. स्फोट होऊ शकेल असा माल रिॲक्टरमध्ये फारच थोडा उरला. तपासणी सोपी आहे: ढवळणीचे आरपीएम दीडपट करा. वेग बदलला तर तुम्ही रिॲक्शन मोजत नव्हता.

आणि तीच नळी आपल्या एथिल ॲसिटेटला लावायची तर? ४५५ लिटरसाठी २५ मिलिमीटरची नळी ९२७ मीटर लांब लागेल. जवळपास एक किलोमीटर. हे परवडत नाही. पण प्रमाण २० टक्के जास्त ठेवून आणि तापमान ४५ अंशांवर नेऊन, जिथे वेग २५ अंशांच्या सुमारे ३.४ पट आहे, ९९ टक्क्यांसाठी २१४ लिटर पुरतात. ५० मिलिमीटरच्या नळीत ते ११० मीटर होतात, आणि ते कॉइलमध्ये बसतं. म्हणजे नळी शक्य आहे की नाही हे नळीवर नाही, आधीच्या दोन निर्णयांवर ठरलं. मिनिटभरात किंवा काही सेकंदांत संपणाऱ्या, खूप उष्णता सोडणाऱ्या आणि शेवटपर्यंत पारदर्शक राहणाऱ्या रिॲक्शनला नळीसारखं भांडं नाही. मीठ किंवा प्रॉडक्ट घन स्वरूपात पडत असेल तर मात्र मी नळीचं नाव घेणार नाही. चोकअप झालेली कॉइल रात्रपाळीत मोकळी करणं हे काम मी दोनदा केलं आहे, आणि दोन्ही वेळा आत दबाव अडकलेला होता.

मग निवड कशी करावी? वर्षात आठ-दहा वेगवेगळी प्रॉडक्ट्स काढणारं युनिट असेल, रिॲक्शन काही तासांची असेल, आणि प्रत्येक लॉटचा वेगळा माग ठेवायचा असेल, तर बॅच ठेवा आणि तिला मागास म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. एकच प्रॉडक्ट वर्षभर काढायचं असेल, रिॲक्शन मध्यम वेगाची असेल, किंवा घन पदार्थ असेल, तर दोन-तीन टाक्यांची माळ. उष्णता भीतीदायक असेल किंवा मधलं प्रॉडक्ट नाजूक असेल आणि सगळं द्रवच असेल, तर नळी, आणि तिच्यासाठी चांगल्या पंपांवर पैसे खर्च करा. एकटी ढवळटाकी मी फक्त तिथे घेईन जिथे रूपांतर कमी ठेवून उरलेला माल परत फिरवायचाच आहे, किंवा जिथे पातळपणा प्रॉडक्ट वाचवतो.

माळ किंवा नळी बांधून झाली की पहिल्या दिवशी कच्चा माल भरू नका. साधं पाणी सोडा, आणि तोंडाशी थोडं मिठाचं द्रावण एकदम टाका. बाहेर कंडक्टिव्हिटी मीटर धरून दर अर्ध्या मिनिटाला वाचन लिहा. मीठ अपेक्षेपेक्षा लवकर बाहेर दिसलं तर कुठेतरी माल टाकी टाळून सरळ निघतोय. बॅफल (टाकीच्या भिंतीवरची आडकाठीची पट्टी) किंवा इनलेट पाइपची जागा बदलावी लागेल. वाचनाची शेपूट फार लांबली तर कुठेतरी कोपऱ्यात माल साचून राहतोय. हे वाचन, प्रयोगशाळेत मोजलेला वेग आणि मोलचं प्रमाण, या तिघांवरून रूपांतराचा अंदाज काढा आणि तो कागदावर लिहून ठेवा. मग पहिला लॉट चालवा आणि दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघा.